श्लेषाची चड्डी : लंगोटी, नाडी आणि मराठी अभिरुची

१

वेशभूषा हीही एक भाषा असते, ही गोष्ट मराठी समीक्षेला अपरिचित नाही. नायिकेचा पदर, पेशवाईतील पगडी, शाहिराचा फेटा, लावणी सादर करणाऱ्या स्त्रीचे लुगडे यांच्या अर्थाविषयी आपल्याकडे विपुल लेखन झाले आहे. सामाजिक इतिहासाचे अभ्यासक पागोट्याकडून टोपीकडे आणि धोतराकडून पाटलोणीकडे झालेल्या प्रवासातून आधुनिकतेचा आलेख काढतात. परंतु पुरुषाच्या कमरेच्या आतल्या वस्त्राची पाळी आली की हे सारे कुतूहल अकस्मात थांबते. विषय ग्राम्य आहे, क्षुद्र आहे, त्याविषयी काय लिहावयाचे, अशी एक अघोषित समजूत असते. वस्तुतः ज्या वस्तूचा उच्चार सभ्य संभाषणात टाळला जातो, तिच्याभोवतीच समाजाने आपल्या लज्जेची, दारिद्र्याची, पौरुषाची आणि हास्याची गाठ बांधलेली असते. ती सोडवून पाहणे हे समीक्षेचेच काम आहे.

प्रथम 'अंतर्वस्त्र' हा शब्दच पाहावा. तो तत्सम आहे, कोशातला आणि दुकानाच्या पाटीवरचा आहे. घरात तो कोणी उच्चारत नाही. बोलीत आहेत ती वस्तूंची नावे : लंगोटी, लंगोट, चड्डी, जांग्या, चोळणा, गंजिफ्रॉक. 'आतले' आणि 'बाहेरचे' असा भेद करणारे सामान्यनाम बोलीला फारसे लागले नाही, याचे कारण तो भेद सर्वांना परवडणारा नव्हता. ज्याच्यापाशी दोन वस्त्रे आहेत त्याचे एक आतले आणि एक बाहेरचे. ज्याच्यापाशी एकच आहे, त्याच्या वस्त्राला आतले म्हणावे की बाहेरचे? शेतात नांगर धरणारा, विहिरीचा गाळ काढणारा, चाळीच्या गॅलरीत उन्हाळ्यात झोपणारा माणूस ज्या वस्त्रात जगाला सामोरा जातो, तेच वस्त्र पांढरपेशा माणूस पाटलोणीखाली लपवतो. वस्तू एकच, ती पाहणारे डोळे निराळे. म्हणूनच पुरुषाचे आतले वस्त्र ही स्थिर वस्तू नसून वर्गावर्गांत बदलणारे नाते आहे, असे मला वाटते. लोकप्रिय कलेत या नात्याचा सर्वांत समर्थ उपयोग मराठीत ज्याने केला, त्या दादा कोंडके यांच्या चड्डीचा आणि तिच्या लोंबत्या नाडीचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

भाषेपासून आरंभ करणे इष्ट. मराठीत 'लंगोट' पुल्लिंगी आणि 'लंगोटी' स्त्रीलिंगी आहे; परंतु हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. लंगोट पैलवानाचा, बलोपासकाचा, मारुतीचा. लंगोटी पोराची, भिकाऱ्याची, दिवाळे निघालेल्याची. लंगोट बांधला जातो, लंगोटी लावली जाते. 'तो लंगोटाचा पक्का आहे' या वाक्यात एका ब्रह्मचाऱ्याचा गौरव आहे. 'त्याला लंगोटी लावायची पाळी आली' या वाक्यात एका संसाराचा नाश आहे. क्षुल्लक वर्तमानपत्राला आपण 'लंगोटी पत्र' म्हणून हिणवले आणि ज्याच्याबरोबर बालपण काढले त्याला 'लंगोटीयार' म्हणून जवळ केले. चार बोटे रुंदीच्या कापडाने एवढ्या अर्थच्छटा वागवाव्यात, हे भाषेच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

धोतराचीही एक वाक्संपदा आहे. कासोटा घालणे म्हणजे सज्ज होणे आणि धोतर सुटणे म्हणजे धीर सुटणे. अलीकडच्या पिढीने त्यात 'चड्डीत राहणे' या प्रयोगाची भर घातली. आपली पायरी ओळखून वागावे, असा त्याचा अर्थ. म्हणजे कासोट्यापासून चड्डीपर्यंत मराठी माणसाने आपल्या मर्यादेची रेषा कमरेवरच्या वस्त्राने आखली आहे. त्या वस्त्राची गाठ हे संयमाचे रूपक आणि ती गाठ सुटणे हे अनर्थाचे. विनोदाचे मूळ येथेच आहे. कारण जिथे गाठ आहे तिथे ती सुटण्याची शक्यता आहे, आणि प्रेक्षक त्या शक्यतेकडे भयाने आणि आशेने एकाच वेळी पाहत असतो.

३

भारतीय परंपरेत या वस्त्राला तीन प्रमुख अर्थ प्राप्त झाले : वैराग्याचा, बलाचा आणि दैन्याचा. आदि शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या 'कौपीनपंचका'त लंगोटीधारी यतीला भाग्यवान ठरविले आहे. शीख पंथात 'कछेरा' हे पाच ककारांपैकी एक झाले आणि आतल्या वस्त्राला दीक्षेच्या चिन्हाची प्रतिष्ठा लाभली. महाराष्ट्रात समर्थ संप्रदायाच्या मारुतीने लंगोट आणि तालीम यांची सांगड घातली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात उभारलेल्या खासबाग मैदानात हजारोंच्या समोर लंगोट कसून उतरणारा मल्ल अर्धनग्न आहे असे कोणाच्याही मनात येत नाही. आखाड्याच्या तांबड्या मातीने त्याला जणू वस्त्रच चढवलेले असते.

परंतु लोकमनाने वैराग्याच्या लंगोटीकडेही डोळे मिचकावून पाहिले आहे. रामकृष्ण परमहंस सांगत ती साधूची गोष्ट सर्वश्रुत आहे. साधूची लंगोटी उंदीर कुरतडतात म्हणून मांजर येते, मांजराला दूध हवे म्हणून गाय येते, गाईला चारा हवा म्हणून जमीन येते, आणि पाहता पाहता विरक्ताचा प्रपंच उभा राहतो. गुरू विचारतो, हे काय? साधू उत्तरतो, सारे एका लंगोटीपायी. बोधकथा म्हणून ती आसक्तीचा निषेध करते. परंतु हसणारा श्रोता तिच्यातून आणखी एक गोष्ट शिकतो : ज्याने सर्वस्व टाकले त्यालाही एक लंगोटी टाकता आली नाही. संस्कृती जिथे सुरू होते तो शेवटचा धागा तो हाच.

आधुनिक काळात या तिन्ही अर्थांना राजकीय वळण मिळाले. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत गांधीजींनी अंगरखा आणि टोपी टाकून पंचा स्वीकारला. विदेशी कापडाचा त्याग करा असे सांगताना, खादी विकत घेण्याचीही ऐपत नाही, हे गोरगरिबांचे उत्तर त्यांना ऐकावे लागले होते. काही आठवड्यांपुरता म्हणून केलेला तो बदल जन्मभराचा झाला. १९३१ साली चर्चिलने ज्या वेशाची कुचेष्टा केली, त्याच वेशात त्याच वर्षी गांधीजी बकिंगहॅम राजवाड्यात पंचम जॉर्जच्या भेटीस गेले. दैन्याचे चिन्ह त्यांनी उलटवून सत्तेच्याच तोंडासमोर धरले.

मात्र याच दशकात महाडला निराळा आवाज उठला होता. डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्याचे आवाहन केले, कारण त्या पद्धतीवरून त्यांची जात ओळखली जात असे. स्वतः बाबासाहेबांनी सुटाबुटाचा वेश आमरण सोडला नाही. गांधी आणि आंबेडकर यांच्यातील हा भेद केवळ आवडीनिवडीचा नव्हे. ज्याच्यापाशी वस्त्र आहे तो ते टाकून महात्मा होऊ शकतो. ज्याला वस्त्र नाकारले गेले त्याच्या उघड्या अंगाला कोणी वैराग्य म्हणत नाही. दया पवारांच्या 'बलुतं'पासून लक्ष्मण मान्यांच्या 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'पर्यंतची आत्मकथने वाचताना अंगावरच्या कापडाचा अभाव हा किती रोजचा, किती अपमानाचा अनुभव होता, याचे भान येते. लंगोटीचे सौंदर्यशास्त्र रचताना हे भान सुटता कामा नये.

४

या पार्श्वभूमीवर १९७१ साली 'सोंगाड्या' पडद्यावर आला. दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे, लेखन वसंत सबनीस यांचे. सबनीसांच्याच 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्याने दादा कोंडके यांना रंगभूमीवर कीर्ती मिळवून दिली होती आणि भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती' (१९६९) या चित्रपटाने पडद्याचे दार उघडले होते. तमाशाच्या नादापायी आईच्या रोषाला पात्र झालेला आणि अखेर तमाशाच्याच आश्रयाला गेलेला भोळा नाम्या त्यांनी उभा केला. गुडघ्यापर्यंत पोचणारी ढगळ चड्डी आणि तिच्या पुढे लोंबणारी भली लांब नाडी ही त्याची ओळख ठरली. पुढे 'एकटा जीव सदाशिव' (१९७२), 'आंधळा मारतो डोळा' (१९७३), 'राम राम गंगाराम' (१९७७) असे चित्रपट येत गेले. लागोपाठ नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवाची गिनीज बुकातील नोंद सुपरिचित आहे. नायक बदलला, गाव बदलले, कथा बदलली, तरी प्रेक्षकाच्या मनात चड्डी आणि नाडी कायम राहिली. 'पांडू हवालदार' (१९७५) मध्ये तर शिपायाच्या गणवेशातील अर्धी विजारच नायकाच्या कामी आली. राज्यसत्तेनेच आपल्या सेवकाला चड्डी नेसवली असेल, तर विनोदकाराने आणखी काय करावे?

ही चड्डी कोणी शोधून काढलेली नाही. पट्ट्यापट्ट्यांच्या जाड्याभरड्या कापडाची, नाडीने बांधायची ढगळ चड्डी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत घरोघर होती. बाजाराला जाताना तिच्यावर धोतर किंवा लेंगा चढे. बांधावर, गोठ्यात, ओसरीवर ती एकटीच पुरेशी असे. गिरणगावातल्या खोल्यांत पाळीपाळीने झोपणारा कामगार तीच नेसे. दादा कोंडके यांचा जन्म नायगावचा, मूळ गाव भोरजवळचे इंगवली; म्हणजे गाव आणि गिरणगाव ही या चड्डीची दोन्ही माहेरे त्यांना घरची होती. 'अपना बाजार'मधील नोकरी आणि राष्ट्र सेवा दलाचे कलापथक यांतून हा कलावंत घडला, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

आता या वस्त्राचे पडद्यावर काय होते, ते पाहू. खेड्यातून आलेल्या प्रेक्षकाला नायकाच्या अंगावर रोजचा पोशाख दिसतो. त्याच्या दृष्टीने नायक नेसलेला आहे. शहरी पांढरपेशा प्रेक्षकाला मात्र तोच नायक आतल्या कपड्यांत बाहेर आलेला दिसतो. एक म्हणतो, हा आमच्यातला आहे. दुसरा म्हणतो, हा लाज सोडून आला आहे. दोघेही हसतात, पण त्यांचे हसणे एक नाही. एका शब्दाने दोन अर्थ एकाच वेळी सूचित व्हावेत याला आपले अलंकारशास्त्र श्लेष म्हणते. दादा कोंडके यांच्या द्व्यर्थी संवादांची चर्चा पुष्कळ झाली. परंतु त्यांचा पहिला आणि मूलभूत श्लेष तोंडात नसून कमरेला होता, याकडे दुर्लक्ष झाले. त्यांच्या संवादात एक अर्थ घरगुती आणि दुसरा चावट असतो. त्यांच्या वस्त्रातही एक अर्थ घरगुती आणि दुसरा चावट आहे. संवाद ही त्या वस्त्राचीच विस्तारित रचना होय.

नाडीच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट होते. लोंबती नाडी ही निष्काळजीपणाची खूण आहे, आणि तिचा दुसरा अर्थ सांगण्याची आवश्यकता नाही. सेन्सॉर मंडळाशी या निर्मात्याच्या झटापटी झाल्या. त्यांची मासलेवाईक वर्णने 'एकटा जीव' या त्यांच्या आत्मकथनात येतात. परंतु सेन्सॉरच्या कात्रीची मर्यादा अशी की तिला वाक्य कापता येते, नाडी कापता येत नाही. नाडीवर आक्षेप घ्यावयाचा तर आपल्याला तिच्यात काय दिसले हे आक्षेपकाला सांगावे लागेल, आणि सांगताच अश्लीलता त्याच्या डोळ्यांत असल्याचे सिद्ध होईल. श्लेषाची सारी तटबंदी हीच. वक्ता साळसूद राहतो आणि श्रोता पकडला जातो.

५

या वेशाची तुलना चार्ली चॅप्लिनच्या वेशाशी करण्याचा मोह होतो. १९१४ साली पडद्यावर आलेल्या चॅप्लिनच्या भटक्याचीही विजार ढगळ होती. परंतु दोहोंत मूलतः अंतर आहे. चॅप्लिनचा भटक्या सभ्य गृहस्थाचा वेश करतो : टोपी, काठी, आखूड कोट. त्याचा विनोद सभ्यतेच्या शिडीवर चढू पाहणाऱ्या आणि घसरणाऱ्या माणसाचा आहे. नाम्याला ती शिडी ठाऊकच नाही. तो वर चढू पाहत नाही, म्हणून घसरतही नाही. चॅप्लिनला पाहून आपल्याला करुणा येते, नाम्याला पाहून येत नाही. तो आपली करुणा मागतच नाही. आमच्या मते हे या व्यक्तिरेखेचे न्यून नसून वैशिष्ट्य आहे. दरिद्री माणूस पडद्यावर आला की त्याने प्रेक्षकाला रडवलेच पाहिजे, हा मध्यमवर्गीय संकेत नाम्या मोडतो.

संस्कृत नाटकातील विदूषकाच्या हाती वाकडी काठी असे. वगातल्या सोंगाड्याकडे जीभ असे. नाम्याच्या चड्डीत या दोन्ही परंपरा येतात, पण तिसरीही एक गोष्ट येते : बालपण. चड्डी हे मुलाचे वस्त्र आहे. विजार मिळणे म्हणजे मोठे होणे, ही आपल्या कित्येक पिढ्यांची समजूत होती. दूरदर्शनवरील 'जंगल बुक' मालिकेसाठी गुलजार यांनी लिहिलेल्या शीर्षकगीताने चड्डी हा शब्द देशभरच्या घराघरांत निःसंकोच नेला, कारण ती चड्डी मोगलीची होती. प्रौढाच्या अंगावर तीच आली की अर्थ पालटतो. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने २०१६ साली गणवेशातील अर्धी विजार सोडून पूर्ण विजार स्वीकारली, तोवर विरोधकांच्या थट्टेला ती अर्धी विजार पुरून उरली होती.

नाम्या प्रौढ आहे पण मुलाच्या वेशात आहे. रत्नमाला यांनी रंगविलेली आई त्याच्यावर सत्ता गाजवते आणि तो 'आये' म्हणून तिच्यापुढे नमतो. म्हणजे चड्डीने त्याला एक सवलत दिली आहे. मूल जे बोलेल ते निरागसच, या न्यायाने तो काहीही बोलू शकतो. गाठ बांधण्याची जबाबदारी ज्याच्यावर अजून आलेली नाही, त्याची नाडी लोंबली तर दोष कोणाला द्यावयाचा?

६

मराठी समीक्षेने या साऱ्याकडे कसे पाहिले? अश्लीलतेच्या प्रश्नावर आपली समीक्षा मुकी होती असे म्हणता येणार नाही. मर्ढेकरांच्या कवितेवरील खटल्याने ती जागी झाली. चंद्रकांत काकोडकर यांच्या कथेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली त्यांची निर्दोष मुक्तता झाली. विजय तेंडुलकर यांच्या 'सखाराम बाइंडर'ला १९७२ साली परिनिरीक्षण मंडळाने अडविले तेव्हा कमलाकर सारंग यांनी उच्च न्यायालयात लढा दिला, आणि त्या लढ्याच्या बाजूने उभे राहण्यात साहित्यिकांना भूषण वाटले. याच दोन वर्षांत 'सोंगाड्या' आणि 'एकटा जीव सदाशिव' गर्दी खेचत होते. त्यांच्याविषयी मात्र 'चावट' आणि 'पांचट' या दोन विशेषणांपलीकडे आपली समीक्षा क्वचितच गेली. सखारामची शिवी हे वास्तव ठरले, नाम्याची नाडी हा आचरटपणा ठरला.

हा भेद केवळ गुणवत्तेचा असता तर तक्रार नव्हती. 'सखाराम बाइंडर'ची कलात्मक उंची कोंडके यांच्या चित्रपटांना नाही, हे निःसंशय. परंतु समीक्षेचे काम उंची मोजण्यापुरते नसते. गिरणगावाने आपल्याला नारायण सुर्वेही दिले आणि दादा कोंडकेही दिले. सुर्व्यांच्या कवितेत कामगाराचे दुःख आणि स्वप्न होते. त्यांना आपण अभ्यासक्रमात स्थान दिले, आणि ते योग्यच केले. कामगाराचे हसणे मात्र आपण चित्रपटगृहाच्या पुढच्या रांगांत सोडून दिले. कामगार जेव्हा रडतो तेव्हा तो साहित्याचा विषय होतो आणि हसतो तेव्हा समाजशास्त्राचाही होत नाही, ही विभागणी तपासून पाहण्यासारखी आहे. मिखाईल बाख्तिनने राब्लेच्या अभ्यासात देहाच्या अधोभागाशी निगडित हास्याला लोकसंस्कृतीच्या केंद्रस्थानी मानले, हे आपण आवडीने उद्धृत करतो. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादावर आपण परिसंवाद घडवितो. परंतु राब्ले सोळाव्या शतकातला आणि फ्रान्समधला आहे म्हणून चालतो. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहाबाहेर १९७१ साली ज्याच्यासाठी संघर्ष झाला आणि शिवसेना रस्त्यावर उतरली, तो चालत नाही. त्या संघर्षात मुंबईतील मराठी माणसाच्या जागेचा प्रश्न होता, आणि तो प्रश्न एका चड्डीधारी नायकाच्या निमित्ताने उभा राहिला होता, हे विसरून त्या दशकाचा सांस्कृतिक इतिहास लिहिता येणार नाही.

७

तथापि दुर्लक्षाची भरपाई गौरवाने करू नये. जी सवलत नाम्याला चड्डीने दिली, ती त्याच्या नायिकेला कोणी दिली? उषा चव्हाण यांनी रंगविलेल्या नायिका ठसकेबाज आहेत, बोलक्या आहेत. परंतु श्लेषाच्या व्यवहारात त्यांच्या वाट्याला आलेली जागा नीट पाहिली पाहिजे. नायक बोलतो ते निरागसपणे. त्यातला दुसरा अर्थ कळला असे दाखविण्याचे काम बहुधा स्त्रीचे. तिने लाजावे, रागवावे, किंवा गालात हसावे. म्हणजे चावटपणाचा उगम पुरुषाच्या तोंडी आणि त्याचे ज्ञान स्त्रीच्या माथी. पुरुषाला बालपणाचे वस्त्र मिळाले; स्त्रीला कोणतेही वस्त्र पुरेसे झाकणारे ठरले नाही. प्रेक्षागृहात बसलेल्या बाईला हसावे की खाली पाहावे, असा पेच पडत असेल तर तो तिच्या सोवळेपणामुळे नव्हे. श्लेषात तिच्यासाठी सुरक्षित अर्थच शिल्लक ठेवलेला नव्हता. श्लेषाने पांढरपेशा प्रेक्षकाला पकडले, ही त्याची मर्दुमकी खरी; परंतु त्याने त्याच जाळ्यात अशा एका व्यक्तीलाही पकडले, जिच्यापाशी आधीच फारशी सत्ता नव्हती. या विनोदाचे न्यायाधीश होताना ही दोन्ही कलमे एकत्र वाचावी लागतात.

पुरुषाच्या वस्त्राचा पुरुषालाही जाच होतो, हे दाखवायला निराळी प्रतिभा लागली. आनंद यादव यांच्या 'नटरंग' कादंबरीतील गुणा पिळदार देहाचा आहे. राजाचे सोंग घ्यावे ही त्याची आकांक्षा आहे. तमाशाचा फड उभा राहावा म्हणून त्याला नाच्या व्हावे लागते. २०१० साली रवी जाधव यांनी या कथेवर केलेल्या चित्रपटानेही प्रेक्षकांना अस्वस्थ केले. आखाड्याचा देह नाच्याच्या वेशात आला की गाव त्याला पुरुष मानावयास तयार होत नाही. नाम्या आणि गुणा ही एकाच तमाशाची दोन अपत्ये आहेत. नाम्याने पौरुषाचे ओझे चड्डीच्या आडोशाने चुकविले. गुणाने ते ओझे टाकले आणि त्याची किंमत मोजली. पहिल्याला गर्दीने डोक्यावर घेतले, दुसऱ्याला गर्दीनेच तुडविले. लोकप्रिय संस्कृतीत पुरुषाला मूल होण्याची मुभा आहे, स्त्रीसारखे होण्याची नाही, हा या दोन कथांचा एकत्रित निष्कर्ष आहे.

८

दादा कोंडके १४ मार्च १९९८ रोजी निवर्तले. तत्पूर्वीच त्यांचा प्रेक्षक विखुरला होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यांतील बहुसंख्य पुन्हा गिरणीत गेले नाहीत. मैलोगणती कापड विणणाऱ्या आणि स्वतः जाड्याभरड्या चड्डीत वावरणाऱ्या त्या माणसाची वस्तीच उठली. गिरण्यांच्या जागेवर जे भव्य बाजार उभे राहिले, त्यांत आतली वस्त्रे काचेआड, नावासकट विकली जातात.

जाहिरातीने पुरुषाच्या आतल्या वस्त्राला नवा अर्थ दिला. आता वस्त्र महत्त्वाचे नाही, त्यातला घोटीव देह महत्त्वाचा आहे. 'सावरिया'तील (२००७) रणबीर कपूरचा टॉवेल आणि 'दोस्ताना'तील (२००८) जॉन अब्राहमची पिवळी चड्डी ही या नव्या दृश्यभाषेची ठळक उदाहरणे होत. येथे श्लेष नाही. दाखविण्यासारखे जे आहे ते दाखविले जाते आणि त्यासाठी व्यायामशाळेत घाम गाळलेला असतो. २००७ साली 'अमूल माचो'च्या दूरचित्रवाणी जाहिरातीत पाणवठ्यावर बायकांच्या घोळक्यात एक नववधू नवऱ्याची चड्डी धुते आणि धुण्याच्या हालचालींतून सारे सुचविते. माहिती व प्रसारण मंत्रालयाने त्या जाहिरातीवर बंदी घातली. नाम्याच्या नाडीपेक्षा या जाहिरातीचा श्लेष वेगळा आहे. येथे चड्डी आहे, पण ती नेसणारा माणूस नाही. तिला ज्ञान चिकटवले आहे ते पुन्हा स्त्रीचेच, आणि कष्टही तिचेच. वस्त्राचा ब्रँड झाला तरी धुण्याचा दगड तोच राहिला.

ढगळ चड्डीतला नाम्या देहाचे प्रदर्शन करीत नव्हता. त्याच्या चड्डीत देह हरवलेलाच होता. तो सुंदर नव्हता, बलवान नव्हता, सधन नव्हता, आणि तरीही तीन तास पडद्याच्या मध्यभागी उभा होता. कोणतीही लायकी सिद्ध केल्याशिवाय, आहे त्या कपड्यांत जगासमोर येण्याचा हक्क त्याने गृहीत धरला होता. वैराग्याच्या लंगोटीला पावित्र्य हवे, आखाड्याच्या लंगोटाला बळ हवे, जाहिरातीतल्या चड्डीला बांधेसूद देह हवा. नाम्याच्या चड्डीला यांतले काहीच नको होते. तिला हवी होती ती फक्त एक नाडी, आणि तीही नीट बांधलेली नसली तरी चालत होते.

म्हणून या चड्डीचा इतिहास लिहावयाचा तर तो दोन रकान्यांत लिहावा लागेल. एका रकान्यात ज्यांना वस्त्र परवडत नव्हते त्यांना तिने दिलेली प्रतिष्ठा. दुसऱ्यात जिला हसण्याची मोकळीक नव्हती तिच्या पदरी पडलेला संकोच. पहिला रकाना कोरा ठेवून आपल्या अभिरुचीने आजवर दुसऱ्याचा आधार घेतला, पण तो स्त्रीच्या कैवारासाठी नव्हे, स्वतःच्या सोवळ्यासाठी. यापुढे जो अभ्यासक हे काम हाती घेईल, त्याने दोन्ही रकाने भरावेत आणि भरताना 'चावट' या एका शब्दावर समाधान मानू नये.